हाती कवडी, पडद्यावर जीव : मराठवाड्यात बसून समुद्रजीवांचे मिश्र माध्यमातील चित्र कसे करावे

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही किनारा नाही आणि आमच्याकडे ज्याला सागर म्हणतात तो पैठणच्या धरणामागचा नाथसागर. तरीही समुद्र आपल्या घरापर्यंत येतोच. आठवडी बाजारात तो सुक्या बोंबलांच्या आणि सुकटीच्या वासाने येतो, काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस म्हणून येतो, देव्हाऱ्यात शंख होऊन बसतो आणि तुळजापुरात आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ होऊन मिरवतो. या प्रत्येक वस्तूमागे एक जीव आहे, परंतु तो जिवंत असताना कसा दिसतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेले असते.

हाताला कळलेला समुद्र आणि पडद्यावरून कळलेला समुद्र यांच्यातले हे अंतर हाच या चित्रप्रकाराचा खरा विषय आहे, असे माझे मत आहे. म्हणून या लेखात जी पद्धत सांगितली आहे, तिच्यात ते अंतर झाकायचे नाही. ते चित्रात दिसू द्यायचे आहे. चित्र ए-फोर आकाराचे असेल. त्यात जिवंत कवडीचे शरीर डिजिटल प्रतिमेवरून सूर्यप्रकाशाने छापायचे, त्याचा एक भाग टाक्यांनी भरायचा आणि खरी कवडी एका कोपऱ्यात शिवायची. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास आणि टाक्यांसाठी आठ-दहा संध्याकाळी दिल्या, तर नवख्या माणसाला हे काम तीन आठवड्यांत पूर्ण करता येते.

पहिली पायरी : जीव निवडणे आणि त्याला ओळखणे

सुरुवात कवडीपासून करावी, कारण ती हातात धरता येते. कवडी हे एका समुद्री गोगलगायीचे कवच आहे. जिवंतपणी या प्राण्याच्या अंगावरचा मऊ पडदा, ज्याला प्राणिशास्त्रात प्रावार म्हणतात, कवचाच्या दोन्ही बाजूंनी वर चढतो आणि पाठीच्या मध्याशी येऊन मिळतो. कवडीला जी काचेसारखी चकाकी असते, ती या प्रावारामुळेच, कारण तो कवचावर सतत नवा थर चढवत राहतो आणि बाहेरच्या घर्षणापासून त्याला जपतो. अनेक जातींत प्रावारावर लहान-मोठी बोंडे किंवा फांद्यांसारखे फुटवे असतात आणि त्याचा रंग कवचापेक्षा अगदी वेगळा असू शकतो. समोरून दोन शृंगिका बाहेर येतात आणि डोळे त्यांच्या बुडाशी असतात. वयात न आलेल्या कवडीला साध्या गोगलगायीसारखे वेटोळे असते. पुढे ओठ आत वळतो, जाड होतो आणि आपल्या ओळखीची दातेरी फट तयार होते.

एवढे समजल्यावर माळेतली कवडी पुन्हा हातात घेऊन पाहावी. आपण ज्या बाजूला तिचे तोंड समजतो, ती जिवंतपणी खालची बाजू असते आणि प्राण्याचा पाय तिथूनच बाहेर येतो. चित्रकाराला हे माहीत नसेल, तर तो कवडी उलटी रंगवतो आणि तिची फट वर दाखवतो. अशी चित्रे मी भरपूर पाहिली आहेत.

कवडी नको असेल, तर समुद्रफेस घ्यावा. तो फेस मुळीच नाही. ते माकुल या मऊ अंगाच्या समुद्री प्राण्याच्या एका प्रकाराच्या पाठीतले आतले कवच असते आणि त्यातल्या बारीक कप्प्यांमधील वायू व द्रव यांचे प्रमाण बदलून तो प्राणी पाण्यात वर-खाली होतो. या प्राण्याला आठ बाहू आणि भक्ष्य पकडण्यासाठी दोन लांब शुंडके अशी एकूण दहा उपांगे असतात आणि डोळ्याची बाहुली इंग्रजी डब्ल्यू या अक्षरासारखी वाकडी असते. अष्टपादाला आठच बाहू असतात आणि त्याची बाहुली आडवी असते. हा फरक मोजून ठेवावा, कारण पुढे तो उपयोगी पडणार आहे.

एक गोष्ट मात्र करू नये. वाळवलेला समुद्रघोडा, प्रवाळाचा तुकडा किंवा समुद्रकाकडी कोणी विकत देऊ केली, तरी घेऊ नये. हे जीव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत आणि चित्रासाठी घेतले होते, हे सांगून कोणाची सुटका होत नाही. त्याचप्रमाणे घरातली पिढीजात माळ तोडून कवडी काढू नये. तुळजापुरात सुट्या कवड्या मिळतात. त्यांतली पाठ घासून छिद्र पाडलेली एखादी निवडावी, कारण ती कापडावर सपाट बसते आणि तिच्यातून सुई जाते.

दुसरी पायरी : प्रतिमा जमवणे

एका छायाचित्रावर कधीही विसंबू नये. एकाच जातीची, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली निदान पाच छायाचित्रे समोर ठेवावीत आणि संगणक उघडण्यापूर्वी पेन्सिलीने साध्या कागदावर तीन-चार रेखाटने करावीत. प्रावार कुठे सुरू होतो, पाय किती पसरतो, शृंगिका कोणत्या दिशेला आहेत, हे हाताने काढल्याशिवाय डोळ्याला कळत नाही.

प्रतिमा कुठून घ्याव्यात, हा प्रश्न हक्कांचाही आहे. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक छायाचित्राखाली परवान्याची नोंद असते आणि पुष्कळदा छायाचित्रकाराचे नाव देणे एवढीच अट असते. ती चित्राच्या मागच्या बाजूला नाव लिहून पाळावी. अमेरिकेच्या नोआ या सागरी संस्थेची स्वतःची छायाचित्रे बहुतांशी सर्वांसाठी खुली आहेत. जुनी छापील चित्रे हवी असतील, तर बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर हक्कमुक्त ग्रंथ पूर्ण आकारात उतरवून घेता येतात. अर्न्स्ट हेकेल यांनी १८९९ ते १९०४ या काळात प्रसिद्ध केलेली जेलीफिश, समुद्रफुले आणि इतर अनेक जीवांची शंभर चित्रपत्रे तिथे आहेत. बोंबील हाच विषय निवडलेल्या वाचकाला फ्रान्सिस डे यांचा १८७५ ते १८७८ या वर्षांतला भारतीय माशांवरचा ग्रंथही तिथेच मिळतो. हेकेल यांची चित्रे मोहक आहेत, पण त्यांत सममितीचा हव्यास आहे. ती थेट उचलली, की आपले चित्र भेटकार्डासारखे दिसू लागते.

समुद्रापासून दूर राहून समुद्रजीव घडवणारे आपण पहिले नाही. ड्रेस्डेन हे जर्मनीतले शहर किनाऱ्यावर नाही, पण लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ यांनी १८६३ ते १८९० या काळात तिथे बसून जेलीफिश, समुद्रफुले आणि समुद्री गोगलगायी यांच्या काचेच्या हजारो प्रतिकृती घडवल्या आणि त्या जगभरातल्या संग्रहालयांना पुरवल्या. सुरुवातीला त्यांच्यासमोर मुख्यतः ग्रंथांतली छापील चित्रे होती. पुढे त्यांनी घरी मत्स्यालय ठेवून जिवंत जीव पाहिले. छापील चित्रांच्या जागी आज आपल्याकडे पडदा आहे, इतकेच.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र बनवून घेण्याचा मोह होईल. तसे करायला माझी तत्त्वतः हरकत नाही, पण संदर्भ म्हणून ते चित्र वापरू नये. अशा चित्रांत अष्टपादाला सात किंवा नऊ बाहू असणे, कवडीला जमिनीवरच्या गोगलगायीसारखे टोकाला डोळे फुटणे, हे प्रकार सर्रास घडतात. वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात गंगा ज्या मकरावर उभी आहे, तो मकरही अनेक प्राण्यांचे अवयव जुळवून केलेला आहे, असे कोणी म्हणेल. परंतु तिथे शिल्पकाराने जाणून जुळवणी केली होती आणि परंपरेला ती ठाऊक होती. न कळत झालेल्या चुकीला ती सवलत मिळत नाही.

तिसरी पायरी : संगणकावरचे काम

गिम्प आणि क्रिता ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य आहेत आणि साध्या संगणकावर चालतात. ए-फोर आकाराचे, इंचाला ३०० पिक्सेल घनतेचे, म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे कोरे पान उघडावे. त्यावर आपले रेखाटन मोबाइलने टिपून ठेवावे आणि वर छायाचित्रांमधला पोत थराथराने बसवावा. प्राणी सुमारे १८ सेंटिमीटर लांब काढावा, पण त्याच्या पाठीवर जिथे कवच उघडे दिसते, ती जागा पूर्ण रिकामी सोडावी.

त्यानंतर प्रतिमा कृष्णधवल करावी, उजळ आणि गडद भागांतला फरक वाढवावा, मग ती उलटी, म्हणजे निगेटिव्ह करावी. पुढच्या पायरीत जिथे प्रकाश पोचेल तिथे निळा रंग उमटणार आहे, त्यामुळे चित्रात जे गडद हवे ते फिल्मवर, म्हणजे ज्या पारदर्शक शीटवर ही प्रतिमा छापायची तिच्यावर, पारदर्शकच राहिले पाहिजे. शेवटी प्रतिमा आडवी फिरवून आरशातल्यासारखी करावी, म्हणजे फिल्मची छापील बाजू कापडाला चिकटून ठेवता येते आणि कडा धूसर होत नाहीत.

याच वेळी दुसरी एक फाइल तयार करावी. प्रावाराचा एक लहानसा तुकडा कापून तो फक्त ४० पिक्सेल रुंद आणि २० पिक्सेल उंच करावा आणि रंगांची संख्या चारवर आणावी. लहान करून पुन्हा मोठा करताना कडा मऊ करणारा पर्याय बंद ठेवावा, म्हणजे चौकोन स्पष्ट दिसतील. या ८०० चौकोनांचे काय करायचे, ते पुढे येईलच.

चौथी पायरी : फिल्म

झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानात ओएचपी शीट मागावी आणि लेझर प्रिंटरवरच छापून घ्यावी. लेझरची काळी शाई एका शीटवर पुरेशी दाट पडत नाही, तिच्यातून प्रकाश झिरपतो. म्हणून तीच प्रतिमा दोन शीटवर छापून त्या तंतोतंत एकावर एक ठेवाव्यात आणि कडेने चिकटपट्टी लावावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात एक शीट मूळ आकारात आणि दुसरी पानात बसवण्याच्या पर्यायावर छापली गेली, आणि कवडीला दोन-दोन कडा आल्या. म्हणून दोन्ही शीट एकाच वेळी, शंभर टक्के आकारात छापून घ्याव्यात आणि दुकानातून निघण्यापूर्वी उजेडात धरून जुळवून पाहाव्यात.

पाचवी पायरी : उन्हाने छापणे

आता जी पद्धत वापरायची तिचे नाव सायनोटाइप. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि लगेच पुढच्या वर्षी, १८४३ मध्ये, अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी ब्रिटनच्या सागरी शैवालांचे ठसे याच निळ्या रंगात छापून ग्रंथरूपाने काढायला सुरुवात केली. समुद्रातले सजीव आणि हा निळा रंग यांचे नाते इतके जुने आहे. पुढे अभियंत्यांचे नकाशे याच पद्धतीने छापले जात, म्हणून त्यांना ब्ल्यूप्रिंट हे नाव पडले. या पद्धतीला समुद्र लागत नाही, ऊन लागते, आणि त्याचा आपल्याकडे तुटवडा नाही.

दोन रसायने लागतात : फेरिक अमोनियम सायट्रेट, तेही हिरवे, आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत ती मिळतात. पहिले रसायन साडेबारा ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात आणि दुसरे ५ ग्रॅम ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवून दोन वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवावे. लागेल तेवढेच द्रावण दोन्हींतून समप्रमाणात घेऊन एकत्र करावे आणि त्याच दिवशी संपवावे. ए-फोर कागदाला चारेक मिलिलिटर पुरते, कापड त्याच्या दुप्पट पिते. पहिल्या बाटलीत काही आठवड्यांनी बुरशी दिसली, तर ती गाळून घ्यावी.

हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि मुलांना दूर ठेवावे. फेरिसायनाइडजवळ संडास धुण्याचे आम्ल किंवा कोणतेही तीव्र आम्ल येऊ देऊ नये आणि ते तापवू नये, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो.

कापड मांजरपाटाचे घ्यावे. नव्या मांजरपाटाला खळ असते; ती गरम पाण्यात दोनदा धुऊन पूर्ण काढली नाही, तर रंग डागाळत बसतो. खिडकीला जाड पडदा लावून, मंद पिवळ्या दिव्याखाली रुंद ब्रशने द्रावण आधी उभे आणि मग आडवे लावावे आणि कापड अंधारातच पूर्ण वाळू द्यावे. ओलसर कापडावर फिल्म ठेवली, तर शीट डागाळते आणि ठसाही पुसट येतो.

वाळलेले कापड पाट किंवा प्लायच्या तुकड्यावर ठेवावे, त्यावर फिल्म आणि तिच्यावर काच ठेवून चारी बाजूंनी चिमटे लावावेत आणि उन्हात न्यावे. किती वेळ, याचे उत्तर ऋतू देतो. एप्रिलच्या दुपारी आठ-दहा मिनिटांत जे होते, त्याला श्रावणातल्या ढगाळ दिवशी अर्धा तासही लागू शकतो. म्हणून आधी कापडाची एक अरुंद पट्टी घ्यावी आणि दर दोन मिनिटांनी पुठ्ठा सरकवत तिचा एकेक भाग झाकत जावे. धुतल्यावर कोणता भाग योग्य आला, ते दिसते. उघडा भाग पिवळट हिरव्यापासून निळसर होत शेवटी राखाडी, तपकिरी झाक असलेला दिसू लागला, की उचलावे. तो जरा जास्त गडद वाटला पाहिजे, कारण धुताना त्यातले पुष्कळ उतरते.

मराठवाड्यातल्या माणसाने सगळ्यात जास्त लक्ष धुण्याकडे द्यावे. सायनोटाइपचा निळा रंग अल्कधर्मी पाण्यात फिकट होत जातो, आणि आमच्याकडचे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड व क्षारयुक्त. माझे पहिले तीन ठसे बादलीत डोळ्यांदेखत पिवळट पांढरे झाले आणि मी दोष रसायनांना देत बसलो. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले, ते नसेल तर जारचे शुद्ध पाणी वापरावे. पहिल्या पाण्यात लिटरमागे एक चमचा पांढरे व्हिनेगर घालावे. एवढे सौम्य आम्ल इथे चालते आणि रंग टिकवते.

पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या गावात वाहत्या नळाखाली धुण्याचा सल्ला देणे मला प्रशस्त वाटत नाही. तीन प्लास्टिकची घमेली ओळीने मांडावीत आणि ठसा एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात न्यावा. पांढऱ्या भागातला पिवळेपणा संपूर्ण गेला, की धुणे झाले. तिसऱ्या घमेल्यातले पाणी पुढच्या ठशासाठी पहिले म्हणून वापरता येते. वापरलेले पाणी गटारात सोडावे, जनावरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीजवळ ओतू नये. ठसा सावलीत वाळवावा. पुढच्या दिवसभरात हवेच्या संपर्काने निळा रंग आणखी गडद होतो, तेव्हा पहिल्या संध्याकाळी निराश होण्याचे कारण नाही.

सहावी पायरी : सुई आणि खरी कवडी

आता त्या ८०० चौकोनांकडे वळू. शाळेत भरतकामासाठी वापरतात ते मॅटीचे कापड घ्यावे. इंचाला ११ घरे असलेल्या मॅटीवर ४० फुल्यांची रुंदी नऊ सेंटिमीटरांच्या आसपास भरते. पडद्यावरचा एक पिक्सेल म्हणजे एक फुली, असा हिशेब ठेवून चार रंगांच्या दोऱ्यांनी तो तुकडा फुलीच्या टाक्याने भरावा. पूर्ण झाल्यावर मॅटीच्या कडा आत दुमडाव्यात आणि तो तुकडा निळ्या प्रावारावर, जिथून मूळ भाग कापला होता, तिथेच बारीक टाक्यांनी जोडावा. दुरून पाहणाऱ्याला तिथे प्राण्याची त्वचा दिसते आणि जवळ गेल्यावर चौकोन दिसतात. हा प्राणी आपण पडद्यावर पाहिला होता, याची कबुली चित्रात अशा रीतीने उमटते. या कामाला आठ-दहा संध्याकाळी लागतात आणि ते घाईने करता येत नाही.

प्रावाराच्या इतर भागांवरची बोंडे गाठीच्या टाक्याने, शृंगिका उलट्या टिपेने आणि पायाची कड साखळी टाक्याने करावी. सगळीकडे टाके भरू नयेत. निळ्या ठशाचा निदान अर्धा भाग मोकळा राहिला पाहिजे. रिकाम्या सोडलेल्या कवचाच्या जागी छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूचा जुना तुकडा बसवता येतो. सूत आणि रेशीम यांच्या मिश्र विणीला जी मऊ चमक असते, ती कवचाच्या चकाकीच्या बरीच जवळ जाते. पैठणीच्या जरीचा काठ तिथे लावून पाहण्याचा मोह मलाही झाला होता, परंतु जर इतकी बोलते, की बाकीचे चित्र गप्प होते. चमकी आणि निळ्या रेझिनचे थर यांबद्दलही माझे हेच म्हणणे आहे.

खरी कवडी मध्यभागी चिकटवू नये. तिथे ती केवळ शोभेची वस्तू ठरते आणि प्राण्याचे चित्र तिच्याभोवतीची नक्षी होऊन बसते. ती खालच्या उजव्या कोपऱ्यात, दोन पदरी सुती दोऱ्याने, फट वर दिसेल अशी शिवावी. १८ सेंटिमीटरांचा निळा जीव आणि दोन-अडीच सेंटिमीटरांची पांढरी कवडी एकाच कापडावर आली, की पाहणारा आपोआप दोन्हींची तुलना करतो, आणि वर पाठीवरून दिसणारा प्राणी खाली पोटाच्या बाजूने दिसणाऱ्या कवचाशी जोडून पाहतो.

सातवी पायरी : चौकट

हे कापड साबणाने किंवा धुण्याच्या पावडरीने कधीही धुऊ नये. सोड्याने निळा रंग जातो. चौकट करताना कवडी काचेला टेकू नये म्हणून काच आणि कापड यांच्यात बोटभर जाडीची लाकडी पट्टी बसवून घ्यावी आणि मागे लावायचा पुठ्ठा आम्लमुक्त असला तरी त्यात चुना मिसळलेला नसावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र टांगू नये. उन्हाने निळा रंग फिका पडलाच, तर चौकट उतरवून काही आठवडे अंधाऱ्या कपाटात ठेवावी; या रंगाचा बराचसा भाग अंधारात परत येतो.